कठडा कोणी बांधावा?

काशीच्या भोसले घाटावर उभे राहिले म्हणजे मराठी माणसाला आपल्याच भाषेतील एका शब्दाचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या म्हणजेही घाट, आणि डोंगर चढून जाणारी वाट म्हणजेही घाट. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या ह्या घाटाच्या उंच दगडी भिंती आजही गंगेचा पूर अंगावर घेतात. तेथून थोड्या अंतरावर शिंद्यांचा घाट आहे. बायजाबाई शिंदे ह्यांनी १८३० च्या सुमारास तो इतक्या भव्य प्रमाणावर बांधविला की, स्वतःच्याच भाराने तो खचला. त्याच्या पायथ्याशी असलेले कललेले देऊळ प्रवासी मोठ्या कौतुकाने पाहतात. पूर्वेकडे दूरवर राजघाटाचा रेल्वेपूल दिसतो. तो १८८७ साली खुला झाला. त्या वेळी त्याला डफरिन पूल म्हणत, १९४८ पासून मालवीय पूल म्हणतात.

एका सभेच्या निमित्ताने मी त्या शहरात गेलो होतो. पूर ओसरून गेला होता, पायऱ्यांवरचा गाळ पंपाच्या पाण्याने धुऊन काढण्याचे काम चालू होते, आणि भोसले घाटानजीकच्या एका उंच भिंतीवर बांबूच्या परांचीवर बसून एक तरुण गवंडी दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरीत होता. त्याच्या कमरेला दोर नव्हता. मी खालूनच विचारले, “भैया, दोर का नाही?” तो हसला आणि म्हणाला, “बाबूजी, खाली गंगामैया आहे ना, ती झेलील.”

वाचकहो, खाली गंगा नव्हती. गंगा तेथून पंचवीस-तीस पायऱ्या दूर होती. खाली दगड होता.

त्याच्या श्रद्धेचा उपहास करावा म्हणून हे सांगत नाही. आपणही तेच करतो; आपली वाक्ये वेगळी, एवढेच. अपघात झाला की “प्रभूची इच्छा” म्हणतो आणि टळला की “प्रभूने राखले” म्हणतो. दोन्ही म्हणण्यांत सत्य असू शकेल. पण त्या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न आपण हळूच गिळून टाकतो. तो प्रश्न असा की, दोर आणण्याचे काम कोणाचे होते? इंजिनियर मंडळी ज्याला जोखमीचे मूल्यमापन म्हणतात, ते हाच प्रश्न आधी विचारण्याचे शास्त्र आहे. काम सुरू होण्यापूर्वी कागद घेऊन बसावे; येथे काय कोसळू शकते, कोणावर कोसळेल, किती वेळा असे घडण्याचा संभव आहे, आणि ते टाळण्यासाठी काय करता येईल, हे लिहून काढावे. ही बाब तांत्रिक वाटते. माझ्या मते ती मुळात नैतिक आहे, कारण जोखीम मोजणारा एक असतो आणि ती सोसणारा बहुधा दुसराच असतो.

आता दुसऱ्या घाटाकडे वळू. मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याच्या बोगद्यांत गाडी शिरली की मुले आरडाओरडा करतात आणि वडीलधारी माणसे चिक्कीवाल्याची वाट पाहतात. त्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गाचे काम १८५६ च्या प्रारंभी सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या हस्ते तो मार्ग खुला झाला. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढण आणि पंचवीस बोगदे. ऐन भरात असताना, १८६१ साली, बेचाळीस हजार माणसे त्या डोंगरावर राबत होती. कडे इतके सरळ की, उभे राहण्यासही जागा नसे. माणसांना वरून दोरखंडांनी लोंबकळत सोडीत. ती कड्याला भोके पाडून दारू ठासीत आणि बत्ती देऊन वर ओढून घेतली जाण्याची वाट पाहत. सुरुंगांपेक्षाही भयंकर शत्रू म्हणजे पटकी. डोंगरउतारावरील झोपड्या, पाण्याचा एकच झरा, आणि त्यात सहस्रावधी माणसे. मग मरीला आमंत्रण देण्याची गरज उरत नाही. मृतांची नावानिशी नोंद कोणी ठेवली नाही. पुढील अभ्यासकांनी केलेले अंदाज हजारांच्या घरातले आहेत.

इतिहासाने नावे ठेवली ती कंत्राटदारांची. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. त्याने १८५९ साली काम सोडले. दुसरा सॉलोमन ट्रेडवेल. तो इंग्लंडहून आला आणि काही दिवसांतच आजाराने वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने खचून न जाता ते कंत्राट पुढे चालविले आणि अॅडमसन व क्लाउझर ह्या इंजिनियरांकरवी तडीस नेले. तिच्या धैर्याविषयी मला आदर आहे. पण दोराला लोंबकळणाऱ्या माणसाच्या बायकोनेही त्याच संध्याकाळी काहीतरी पुढे चालविलेच असेल. तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही.

ह्या कथेतील एक गोष्ट मला विशेष अस्वस्थ करते. रेल्वे कंपनीच्या भागधारकांना ईस्ट इंडिया कंपनीने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. मार्गाने नफा दिला नाही तरी लंडनमधील भागधारकाचे पैसे बुडणार नव्हते. तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होती. म्हणजे पाहा, जोखमीचा विचार त्या काळी कोणाला सुचत नव्हता, असे म्हणण्यास जागाच नाही. तो अत्यंत बारकाईने झाला होता. कागद करून, सह्या करून झाला होता. भांडवलाला कठडा बांधून मग काम सुरू झाले. माणसाला बांधला नाही. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला, आणि पुढील वर्षी सरकारने मालक-मजुरांच्या तंट्यांविषयी कायदा केला. त्यात मजुरीचे तंटे झटपट मिटविण्याची सोय होती आणि काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही होती. कड्यावरून पडणाऱ्याविषयी त्यात काही नव्हते. कामावर इजा झाल्यास मजुराला नुकसानभरपाई मिळावी, असा कायदा ह्या देशात १९२३ साली झाला, म्हणजे बोरघाट खुला झाल्यानंतर साठ वर्षांनी.

‘कठडा’ हा शब्द मी सहज वापरला नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आठवे वचन आपण वाचले असेल. बहुधा घाईने वाचून पुढे गेला असाल, कारण त्याच्या आगेमागे पक्ष्यांची घरटी, द्राक्षमळे, सुती-लोकरी वस्त्रे असे विषय आहेत. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाही तर तेथून कोणी पडल्यास त्या घरावर रक्ताचा दोष येईल, असे तेथे सांगितले आहे. ह्या आज्ञेतील तीन बाबी माझ्या मनात घर करून राहिल्या आहेत. आज्ञा दिली तेव्हा कोणी पडलेला नाही; ती अपघातापूर्वीची आज्ञा आहे. दुसरे, पडणारा कसा पडला, तो सावध होता की गाफील, ह्याची चौकशी नाही. आणि कठड्याचा खर्च घर बांधणाऱ्याचा आहे, धाब्यावर जाणाऱ्याचा नाही.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे, तोही ह्याच जातीचा आहे. बैलाने पहिल्यांदाच कोणाला मारले तर धनी निर्दोष. परंतु बैल मारका आहे हे ठाऊक होते, धन्याला तशी ताकीद मिळाली होती, आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर दोष धन्याचा. आधुनिक न्यायशास्त्र ज्याला ‘पूर्वकल्पना असणे’ म्हणते, ते येथे एका गोठ्याच्या भाषेत सांगितले आहे. रस्त्याच्या वा रेल्वेच्या कामावर मारके बैल कोणते, हे आता नव्याने शोधावे लागत नाही. न आधारलेल्या खंदकाची बाजू ढासळते. उचलून ठेवलेली पण आडव्या तुळयांनी न जखडलेली तुळई कलंडते. मागे येणाऱ्या डंपरच्या चालकाला पाठीमागचा माणूस दिसत नाही. चालू रुळांवर काम करणाऱ्या गँगमनला एका गाडीच्या आवाजात दुसऱ्या मार्गावरची गाडी ऐकू येत नाही. डांबराच्या भट्टीजवळ, वीजवाहक तारांखाली, बोगद्यातील मऊ मातीत माणसे कशी मरतात, हे शंभर वर्षांच्या अनुभवाने लिहून ठेवलेले आहे.

वाराणसीतच १५ मे २०१८ रोजी कँट रेल्वेस्थानकाजवळ बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाच्या दोन तुळया खालच्या वाहत्या रस्त्यावर कोसळल्या आणि वाहनांतील माणसे चिरडून मेली. तुळया एकमेकींना जखडल्या नव्हत्या आणि खालची रहदारी बंद केली नव्हती, असे दोष पुढे दाखविण्यात आले. आपल्या महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर तुळई बसविण्याचे अजस्र यंत्र उंचावरून कोसळले आणि वीस माणसे प्राणास मुकली. मृतांत दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले मजूर होते. काशीकडचा माणूस आपल्या डोंगरात मरतो, आणि दीडशे वर्षांपूर्वी आपला माणूस त्याच डोंगरात मेला. दोन घाटांमधले हे नाते मला भोसल्यांच्या दगडी पायऱ्यांपेक्षा खोल वाटते.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेल्याचा उल्लेख आहे. ते इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, असा प्रश्न प्रभू स्वतःच विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. ह्या उताऱ्यातून बांधकामाचे नियम काढू पाहणे ओढूनताणून होईल. तेथील विषय पश्चात्तापाचा आहे. परंतु एक गोष्ट त्यातून निश्चित होते. मेलेल्याकडे बोट दाखविण्याची वाट प्रभूने बंद केली आहे. “त्याने हेल्मेट घातले नव्हते”, “तो दारू प्यालेला होता”, “त्याला सांगितले होते”, ही वाक्ये प्रत्येक अपघातानंतर ऐकू येतात. त्यांतील काही खरीही असतील. पण ती ज्या घाईने उच्चारली जातात, त्या घाईचीच मला शंका येते.

हेल्मेटचा विषय निघालाच आहे तर एक खुलासा करतो. सुरक्षेच्या शास्त्रात उपायांचा एक क्रम मानलेला आहे. धोका मुळातच काढून टाकता येईल काय, हा पहिला प्रश्न. उंचावर जोडायचा भाग जमिनीवर जोडून मग उचलता येईल काय? रूळ दुरुस्त करताना तो मार्ग काही तास बंद ठेवता येईल काय? ते जमत नसेल तर कमी घातक रीत शोधावी. तेही नसेल तर माणूस आणि धोका ह्यांच्यामध्ये अडसर घालावा. मग शिकवण, सूचना, पाळ्या. आणि अगदी शेवटी, बाकी सारे करून झाल्यावर, हेल्मेट, पट्टा, बूट. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. सुरुवात हेल्मेटपासून होते आणि पुष्कळदा तेथेच संपते, कारण हेल्मेट स्वस्त आहे आणि ते मजुराच्या डोक्यावर असते, म्हणजे जबाबदारीही त्याच्याच डोक्यावर ठेवता येते.

ह्यावर आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, जोखमीवाचून कोणतेच मोठे काम होत नाही. रस्ता नसलेल्या पाड्यावरून अडलेल्या बाळंतिणीला डोलीत घालून नेतात आणि ती वाटेत मरते. तो रस्ता दोन वर्षे लांबविला तर ते मरण कोणाच्या हिशेबात धरायचे? हा प्रश्न मला निरुत्तर करतो, निदान काही काळ तरी. रस्ता झालाच पाहिजे. पण मग बारकाईने पाहिले की ध्यानात येते, बहुतेक ठिकाणी निवड रस्ता की सुरक्षितता अशी नसतेच. निवड असते ती उद्‌घाटनाची तारीख पुढे जाऊ द्यायची की नाही, किंवा निविदेतील रक्कम थोडी वाढू द्यायची की नाही, ह्यामध्ये. बाळंतिणीचे नाव पुढे करून वाचविले जातात ते दुसऱ्याच कोणाचे तरी पैसे.

कोकण रेल्वेचे उदाहरण ह्या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. १९९० ते १९९८ ह्या काळात रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा तो मार्ग झाला. कातळात बोगदे खोदण्यासाठी स्वीडनहून यंत्रे आणली. परंतु मऊ मातीच्या नऊ बोगद्यांत ती यंत्रे निरुपयोगी ठरली. तेथे पाण्याने भिजलेली माती हातांनी, इंच इंच पुढे सरकत काढावी लागली, आणि काढलेला बोगदा पुनःपुन्हा ढासळला. त्या मऊ मातीत एकोणीस माणसे गेली. संपूर्ण मार्गावर चौऱ्याहत्तर. त्यांचे स्मारक रत्नागिरी स्थानकात आहे. बोरघाटाच्या मानाने ही मोठीच सुधारणा म्हणावी लागेल, आणि मी ती म्हणतोही. परंतु ‘फक्त चौऱ्याहत्तर’ हे शब्द लिहू लागलो, आणि लेखणी ‘फक्त’ पाशी अडली.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ ह्या काळात बांधला गेला. तेव्हा त्या धंद्यात असा ठोकताळा होता की, दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक माणूस मरणारच. साडेतीन कोटींचे काम. म्हणजे पस्तीस माणसे आधीच हिशेबात धरायची. मुख्य इंजिनियर जोसेफ स्ट्रॉस ह्यांनी हा ठोकताळा मानला नाही. त्यांनी पुलाखाली लांबच्या लांब जाळे बांधविले. त्या जाळ्याने एकोणीस माणसांना झेलले. शेवटी शेवटी, १७ फेब्रुवारी १९३७ रोजी, एक जड परांची कोसळून जाळे फाडून गेली आणि दहा जण मेले; एकूण मृत्यू अकरा. जाळे अपुरे पडले, हे खरे. पण ‘मरणारच’ म्हणून लिहिलेल्या हिशेबापैकी पुष्कळ माणसे घरी जेवायला गेली. तो ठोकताळा निसर्गाचा नियम नव्हता. तो केवळ जाळे न बांधण्याचा भाव होता.

दुसरा आक्षेप संमतीचा. मजूर आपल्या इच्छेने येतो, धोका त्याला दिसतो, मग आपण कोण? परांचीवरचा तो गवंडी म्हणालाही असता की, मला कोणी बळजबरी केलेली नाही. परंतु ज्याच्यापुढे आज काम की उद्या उपास एवढीच निवड आहे, त्याच्या ‘होय’ला आपण किती वजन द्यावे? उत्तरकाशीच्या सिल्क्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी एकेचाळीस मजूर अडकले, आणि सतराव्या दिवशी त्यांना बाहेर काढले ते शेवटी हातांनी बीळ खोदणाऱ्या खाणमजुरांनी. मोठी यंत्रे मोडली, तेव्हा पुन्हा गरिबाचेच शरीर पुढे आले. त्यांना संमती विचारावी लागली नाही. ते धावत आले. असल्या शौर्यापुढे मान लवते. परंतु शौर्याची गरज पडावी अशी कामाची आखणी करणे, हा सद्‌गुण नव्हे.

कायद्याची उणीव आहे, असेही म्हणता येत नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. २०२० च्या संहितेत तो विषय पुन्हा घेतला गेला. कागद आहेत. एवढेच लिहून मी थांबलो असतो तर हा लेख कंत्राटदार आणि सरकार ह्यांच्याविरुद्ध एक तक्रार म्हणून आपण वाचून बाजूला ठेविला असता, आणि मलाही समाधान वाटले असते. पण भोसले घाटावरून परत येताना गाडीत मला झोप आली नाही, त्याचे कारण निराळे होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका मंडळीच्या इमारत समितीवर होतो. सभागृहावर दुसरा मजला चढवायचा होता. वर्गणी अपुरी होती. ठेकेदाराने दिलेल्या अंदाजपत्रकात लोखंडी परांची, बाहेरून जाळी आणि स्लॅबच्या कडेला तात्पुरता कठडा, अशी एक ओळ होती. आम्ही सात जण टेबलाभोवती बसलो होतो. प्रार्थनेने आरंभ झाला होता. “ही ओळ काढली तर व्यासपीठाच्या लाद्यांचे भागते”, असे कोणी तरी म्हणाले. कोणी म्हणाले, “सगळीकडे बांबूवरच काम चालते.” मी काही म्हणालो नाही. लेखणी माझ्या हाती होती, कारण मी चिटणीस होतो, आणि ती ओळ मी खोडली.

सेंट्रिंग काढण्याच्या दिवशी एक बिगारी कडेवरून खाली पडला. तो मेला नाही. त्याचा कणा मोडला. आम्ही त्याच्या उशाशी गेलो, प्रार्थना केली, दोन रविवारांचे अर्पण त्याच्या घरी पोहोचविले, आणि अहवालात ‘दुर्दैवी अपघात’ असे लिहिले. तेही मीच लिहिले. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायावर त्यानंतर त्या सभागृहात कधी उपदेश झाल्याचे मला आठवत नाही. लाद्या मात्र चांगल्या बसल्या आहेत.

तो बिगारी ख्रिस्ती नव्हता. पुढे कित्येक वर्षे तो नाताळाच्या दिवशी मुलाच्या आधाराने फाटकाशी येई आणि आम्ही त्याला फराळाचे ताट देत असू. एकदा त्याने मला विचारले, “साहेब, वर आता कठडा केला का?” केला होता. पक्का, साडेतीन फुटांचा, सिमेंटचा. उद्‌घाटनापूर्वीच केला होता, कारण पाहुण्यांची मुले वर जाणार होती. मी “हो” म्हणालो. “बरं झालं”, असे म्हणून तो ताट घेऊन निघाला.